अप्पांचा काठोकाठ तांब्या

मुलीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका अप्पा चुरींनी दोन मिनिटांत पाहून ठेवून दिली होती. दत्तू ड्रायव्हरला लॉरीवर ठेवायला मात्र त्यांना पावणेदोन महिने लागले होते. हे रमाबाई, म्हणजे अप्पांचं कुटुंब, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. अप्पांना त्यात टोमणा कुठं आहे ते कधी कळलंच नाही. ते मान डोलवत. जावयाच्या हातून फार तर आपली एक मुलगी दुःखी होईल, पण ड्रायव्हरच्या हातून रस्त्यावरची कुणाचीही होईल, असं ते म्हणत.

चिंचपोकळीच्या पुलाच्या अलीकडे चुरी ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, जयवंत नावाचा एक कारकून आणि पाठीमागच्या आवारात उभ्या दोन लॉऱ्या. गिरणीतून कापडाच्या गासड्या उचलायच्या आणि धक्क्यावर पोचवायच्या, हाच मुख्य धंदा. पण अकरा वर्षांत चुरींच्या लॉरीनं माणूस सोडा, कोंबडीसुद्धा मारलेली नव्हती. लालबागला ट्रॅमवाले चुरींची गाडी दिसली की हात दाखवत. अप्पांना हा मान एखाद्या पदवीसारखा वाटे.

त्यामागं अप्पांचा सोळा रकान्यांचा कागद होता. नवीन माणूस आला की आधी समोर बसवून चौकशी, मग परळच्या डॉक्टरांकडे डोळे, मग लायसन, मग गाडीची ओळख, आणि शेवटी तांब्याची परीक्षा. ही परीक्षा अप्पांना कीर्तनात सापडली होती. एका राजानं म्हणे एका तरुण तपस्व्याच्या हातात काठोकाठ भरलेलं पात्र दिलं आणि भर बाजारातून फिरून यायला सांगितलं, थेंब सांडता कामा नये. सगळी सभा त्यातून वैराग्य शिकून घरी गेली. अप्पा लॉरी चालवणं शिकून घरी आले. तेव्हापासून उमेदवारानं गाडी चालवायची आणि शेजारी अप्पांनी मांडीवर काठोकाठ तांब्या घेऊन बसायचं. चिंचपोकळीहून शिवाजी पार्क आणि परत. ट्रॅमच्या रुळांवरून एक थेंब जरी सांडला तरी माणूस नापास. सोळावा रकाना तोच होता: 'पाणी सांडले काय?' ज्याच्या कागदावर तिथं 'होय' आलं तो माणूस चुरींकडे कधी लागला नव्हता. त्यात खुद्द रमाबाईंचा मावसभाऊही होता.

तर साल साठ. एप्रिल निम्मा सरलेला. एक मेला महाराष्ट्र होणार, आणि तोही मुंबईसकट होणार, म्हणून लालबाग नुसतं उतू चाललं होतं. अप्पा राहत त्या सुभद्राबाईच्या चाळीनं ठरवलं होतं की आपला चित्ररथ काढायचा, आणि चित्ररथ म्हणजे अर्थात अप्पांची लॉरी. चाळीतली चाळीस बायकामुलं तिच्यावर बसून शिवाजी पार्कवर जाणार. अप्पांनी शब्द दिला. आणि आठवड्याभरात दत्तू ड्रायव्हर वार्षिक तपासणीत डोळ्यांत नापास झाला. दुसरी लॉरी तिच्या ड्रायव्हरसकट नाशिकला गेलेली, ती दोन तारखेशिवाय परतत नव्हती. चाळीतले लोक म्हणाले, दत्तूलाच बसवा, चार मैल तर जायचंय, रस्ता त्याला पाठ आहे.

अप्पा म्हणाले, "रस्ता पाठ आहे. रस्त्यावर येणारं पोर पाठ नाही."

दत्तूला त्यांनी आवारात मुकादम केलं आणि रघु गुरुजींना पत्र टाकलं.

हे गुरुजी पूर्वी लालबागच्या रात्रशाळेत शिकवत, आता कुडाळकडे आपल्या गावी होते. त्यांच्याकडे अप्पांनी एकाच पत्रात दोन माणसं मागितली. लॉरीसाठी ड्रायव्हर, आणि चाळीत या आनंदाचं कीर्तन व्हावं म्हणून एक कीर्तनकारबुवा. आता गुरुजींचा एक पण होता. महाराष्ट्र मिळेपर्यंत आपल्या लेखणीतून इंग्रजी शब्द उतरणार नाही. गेली चार वर्षं ते स्टेशनला स्थानक आणि बिस्किटाला गोड पापडी लिहीत आले होते. त्यांचं उत्तर आलं ते असं:

'दोन्ही मागण्या एकाच खेपेत पुरवतो. वसंत हा वडिलांची गादी चालवतो. तिसरी पिढी. हजारो माणसांना पार नेले. लवू बोलण्यात कच्चा, परंतु पेटीवर त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. आवाज कुठे बिघडला ते डोळे मिटून सांगतो. दोघेही निर्व्यसनी. कोण कोणत्या कामाचा, हे आपणांसारख्या सुज्ञास सांगणे न लगे.'

अप्पा सुज्ञ होते, पण चष्मा लावत नसत. दुसऱ्यांचे डोळे तपासून घेण्यात अकरा वर्षं गेल्यामुळे स्वतःचे तपासायचे राहून गेले होते. बोटीच्या दमट हवेत शाई जराशी फुटलेली. त्यांनी पत्र हातभर लांब धरलं आणि वाचलं: वसंत हा वडिलांची गाडी चालवतो.

म्हणजे वसंत ड्रायव्हर. आणि पेटीवर हात बसलेला, सुराचा पक्का तो लवू, म्हणजे बुवा. झालं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी जयवंतनं भाऊच्या धक्क्यावरून दोघांना उतरवून घेतलं. अप्पांच्या सांगण्याप्रमाणं लवूला त्यानं चाळीत रमाबाईंच्या हवाली केलं, वसंतची ट्रंकही तिथंच टाकली आणि वसंतला ऑफिसात आणून अप्पांसमोर बसवलं. गोरा, उंच, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. ड्रायव्हरच्या कपाळाला गंध बघून अप्पांचं मन तिथंच निम्मं भरलं. त्यांनी सोळा रकान्यांचा कागद पुढं ओढला.

"गुरुजींनी लिहिलंय, तुमच्या वडिलांपासूनची आहे."

"वडिलांच्या आधी आजोबांची," वसंत म्हणाला. "मी तेरा वर्षं चालवतोय."

"म्हणजे फारच जुनी झाली."

"जुनी आहे म्हणून तर टिकली. नवीन निघाल्यात त्यांचं काही खरं नाही."

अप्पांचंही हेच मत होतं. युद्धानंतरच्या मॉडेलांत पूर्वीचं लोखंड राहिलेलं नाही, असं ते नेहमी म्हणत. त्यांनी पुढं विचारलं, सलग किती तास चालवता? वसंत म्हणाला, तीन तास, एकादशीला चार. उभ्यानं. 'उभ्यानं' या शब्दाला अप्पा क्षणभर अडखळले. मग 'एका दमात' असा त्याचा अर्थ लावून त्यांनी रकाना भरला.

"मध्ये डुलकी?"

"मला नाही येत. मागं बसलेल्यांपैकी एखादा पेंगतो. मग मी जरा आवाज चढवतो."

"घाई?"

"छे. घाई केली की लय गेली. लय गेली की मग उरलं काय?"

अप्पांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते समासात उतरवून घेतलं. आता अवघड रकाना. त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, आजवर कुणाला धक्का लागला होता का, खरं सांगा, इथं खरं बोलणाऱ्याला कोणी खात नाही.

वसंतनं जरा आठवून पाहिलं. "एकदाच. आमच्याकडच्या एका पाटलाला बसला होता. पण चूक त्याची होती."

"जबर?"

"दोन दिवस अन्न गेलं नाही त्याला. तिसऱ्या दिवशी आपण होऊन माझ्या पाया पडायला आला. दारूच सोडली त्यानं."

अप्पांनी लिहिलं: 'एक वेळ, किरकोळ. इसम बरा झाला. दारूच्या अमलात होता.' इतका प्रामाणिक ड्रायव्हर त्यांना अकरा वर्षांत भेटला नव्हता.

वसंतलाही, तो पुढं सांगे त्याप्रमाणं, मुंबईचं फार कौतुक वाटत होतं. गावात कीर्तनकाराला कोणी एवढं विचारत नाही. देवापुढं कोणाला उभं करायचं याची ही माणसं केवढी काळजी घेतात. दुपारी त्याला परळला डोळे तपासायला नेलं तेव्हा तर तो भारावूनच गेला. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यानं वरपासून तळापर्यंत चालीत म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम, गळाही उत्तम.

राहता राहिलं लायसन. गुरुजींचं पत्र वाचल्यापासून अप्पांच्या जिभेवरही शुद्ध मराठी बसली होती. त्यांनी विचारलं, परवाना आहे ना? वसंत म्हणाला, हो तर, पोलिसांचा रीतसर परवाना आहे, पण तो ट्रंकेत, आणि ट्रंक चाळीत. अप्पा म्हणाले, मग संध्याकाळी दाखवा. तोवर किल्ली माझ्या बंडीच्या खिशात राहील, आपण नुसती गाडीची ओळख करून घेऊ. इथं मात्र अप्पांना मानलं पाहिजे. माणूस कितीही मनात भरला तरी कागद पाहिल्याशिवाय किल्ली नाही, हा नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. मोडला असता तर ही गोष्ट हसून सांगण्यासारखी राहिली नसती.

पाच वाजता दोघे आवारात आले. हमाल गासड्यांवर टेकून विड्या ओढत होते. अप्पांनी लॉरीच्या दांडीवर हात थोपटला आणि म्हणाले, एक तारखेला हीच घेऊन जायची, चाळीस बायकामुलं आहेत, चढा.

वसंतनं चपला काढल्या. लॉरीच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावला. अप्पांना भरून आलं. मग तो मागच्या बाजूनं वर चढला, बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला, उपरणं कमरेला आवळलं आणि पिशवीतून चिपळ्या काढल्या.

अप्पा खालून म्हणाले, "वसंतराव, बसायची जागा पुढं आहे."

"मी बसत नसतो, अप्पासाहेब. तुम्ही बसा. पुढंच बसा."

"अहो, चाक पुढं आहे."

"चाकं कुठंही असेनात. माणसं मला समोर दिसली पाहिजेत." आणि हमालांकडे वळून त्यानं असा काही सूर लावला की विड्या हातातल्या हातात विझल्या. दत्तू मुकादमानं पागोटं सारखं केलं. दोन हमाल मांडी घालून बसलेसुद्धा.

अप्पांचं तोंड उघडं ते उघडंच. तेवढ्यात फाटकातून जयवंत धावत आला.

"अप्पा, घरी चला. बुवांनी पेटी खोलली."

"उघडणारच. कीर्तन आहे ना आज."

"उघडली नाय हो, खोलली. पेचकसानं. सगळे सूर परातीत काढून ठेवलेत."

अप्पांनी एकदा लॉरीवरच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, एकदा जयवंतकडे. पेटी, पार नेले, उभ्यानं, पाटलाला बसलेला धक्का, पोलिसांचा परवाना, तोही कीर्तनाचाच. एकेक गासडी धक्क्यावर आदळावी तसे शब्द त्यांच्या डोक्यात आदळू लागले.

इकडे चाळीत काय झालं होतं, तेही ऐकण्यासारखं आहे. लवू परब हा बुटका, काळासावळा, खाली मान घालून वावरणारा माणूस. रमाबाईंनी त्याचे पाय धुतले, गळ्यात हार घातला आणि पाटावर बसवलं. तो एक शब्द बोलला नाही. चाळीतल्या बायकांनी आपापसात ठरवलं की बुवांचं कीर्तनापर्यंत मौन असणार. जेवताना दूधपोळी पुढं आली तेव्हा तेवढं त्यानं हळूच विचारलं, "बांगडो नाय?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग रमाबाईंनीच उलगडा केला, की बुवा आपली श्रद्धा तपासतायत. त्यावर सगळ्यांनी हात जोडले. लवूनं दूधपोळी खाल्ली.

चारच्या सुमाराला खालच्या चौकात सतरंज्या पडल्या आणि त्याच्यापुढं चाळीच्या भजनी मंडळाची पेटी आणून ठेवली. ही पेटी चार वर्षं आजारी होती. मधला एक सूर उमटतच नव्हता आणि त्याच्या शेजारचा उमटला की थांबत नव्हता. ती वाजवायचा तो तिसऱ्या माळ्यावरच्या शांताकाकूंचा धोंडू. छप्पन सालच्या जानेवारीत मोर्चाला जातो म्हणून गेला, तो गोळीबारातून परत आला नाही. तेव्हापासून पेटी उघडून बघायला कुणी हात लावला नव्हता, आणि ती दुरुस्तीला बाहेर द्यायचा धीर शांताकाकूंना झाला नव्हता.

लवूनं भाता एकदा हलवला. डोळे मिटले. कान लावला. मग शर्टाच्या खिशातून पेचकस काढला आणि बायका 'अहो बुवा' म्हणेपर्यंत पेटी उलगडून सतरंजीवर मांडली.

अप्पा, वसंतबुवा, जयवंत आणि मागून चिपळ्यांच्या नादानं आलेले आठ हमाल चौकात पोचले तेव्हा लवू पेटीच्या पोटातून चिमट्यानं काहीतरी बाहेर काढत होता. तो पितळेचा छोटा बिल्ला होता. 'संयुक्त महाराष्ट्र' अशी अक्षरं त्यावर अजून वाचता येत होती. छातीवरून निसटून कधी फटीत पडला असेल कोण जाणे. सूर त्यानंच अडवून धरला होता.

लवूनं बिल्ला शर्टाला पुसला आणि समोर जी सगळ्यांत म्हातारी बाई बसली होती तिच्या हातावर ठेवला. त्या शांताकाकूच होत्या. पाच मिनिटांत त्यानं पेटी होती तशी जुळवली. मग अडलेल्या सुरावर बोट ठेवलं. सूर उमटला, आणि बोट उचलल्यावर थांबला.

अप्पांनी मग घसा साफ करून विचारलं, "लवू, तुम्ही बुवा नाही?"

"नाय. माका कीर्तान येणा नाय. मी ड्रायव्हर आसंय."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"कोणी इचारूकच नाय."

रमाबाईंनी अप्पांच्या खिशातून पत्र काढून घेतलं, आपला चष्मा लावला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं वाचलं. 'गादी'पाशी त्या थांबल्या, वर पाहिलं आणि पुन्हा एकदा वाचलं. गादी. आणि पत्रातली ती लवूची पेटी, म्हणजे गाडीचा गिअरबॉक्स. इंग्रजी शब्द गुरुजी लिहिणार कसा?

त्या संध्याकाळी वसंतबुवांचं कीर्तन असं रंगलं की लालबागची ट्रॅम चाळीपाशी येऊन हळू होत होती. उत्तररंगाला त्यांनी आख्यान लावलं ते श्रीकृष्णाच्या सारथ्याचं. बुवा म्हणाले, अर्जुनाचा पराक्रम सगळे सांगतात, पण रणात मध्येच रथ थांबवून घोड्यांच्या अंगातले बाण उपटणारे हात देवाचे होते. जो घोड्यांना आधी पाहतो आणि रथावर मग चढतो, तो सारथी. चिपळ्या वाजवता वाजवता त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या लवूकडे पाहिलं. लवू लाजून खांबामागं सरकला. रमाबाईंनी त्याच्यासाठी शेजारणीकडून बांगडे तळून आणले होते, त्याचं लक्ष थोडं तिकडंही होतं.

अप्पांच्या मनाला मात्र घोर लागला होता. सोळा रकाने भरले होते ते बुवांचे. खऱ्या ड्रायव्हरचा कागद कोरा. मध्ये दोन दिवस. चाळकरी म्हणू लागले, अप्पा, आता परीक्षा पुरे झाल्या, ज्यानं धोंडूची पेटी बोलती केली त्याची कसली परीक्षा घेता? शांताकाकूंनीही तेच सांगितलं. अप्पांनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "काकू, लॉरीवर तुम्ही बसणार आहात. म्हणूनच घेतो."

शुक्रवारी सकाळी चौकशी झाली. लवूची उत्तरं एका शब्दाची. परळच्या डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले. नजर उत्तम निघाली. उठता उठता लवूनं डॉक्टरांना हळूच काहीतरी सांगितलं आणि डॉक्टरांनी अप्पांना खुर्चीत बसायला लावलं. तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीत अप्पांनी 'द'ला 'ड' म्हटलं. चष्म्याचा नंबर लिहून घेऊन ते मुकाट्यानं बाहेर आले.

लायसन पाहिलं. स्वच्छ होतं. मग आवारात येऊन अप्पांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि लवूपुढं धरली.

लवूनं ती घेतली नाही.

"माका आदी गाडी बघूक होयी," तो म्हणाला.

अप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चुरींची गाडी. अकरा वर्षं. कोंबडीसुद्धा नाही. त्यांनी हे सगळं सांगितलं. लवू ऐकत होता, पण कान त्याचा भलतीकडेच होता. त्यानं दत्तूला गाडी आवारातल्या आवारात दहा फूट पुढं घेऊन ब्रेक दाबायला सांगितलं. डोळे मिटले. पुन्हा सांगितलं. मग डाव्या पुढच्या चाकाशी बसला.

"हयसर ब्रेक धरणा नाय. दाबलो की गाडी उजवीकडे ओढता."

"कित्येक महिने ओढते," दत्तू मुकादम कबूल झाला. "मी हातानं सांभाळून घ्यायचो. मला सवय झाली होती."

अप्पा लॉरीच्या फळीवर बसले. त्यांना गिरणीचा रस्ता दिसला, ट्रॅमचे रूळ दिसले, फळीवर बसलेली चाळीस बायकामुलं दिसली. माणसाला सोळा रकाने केले होते त्यांनी. गाडीला एकही नव्हता. चाक खोललं तेव्हा ब्रेकच्या नळीतून तेल झिरपताना त्यांनी स्वतः बोटानं पाहिलं. संध्याकाळपर्यंत नवी नळी बसली. लवू ती बसेपर्यंत जागचा हलला नाही, आणि अप्पाही त्याच्या शेजारी दिवा धरून उकिडवे बसले. चाळीतून चौघांनी येऊन विचारलं, लॉरी नापास झाली म्हणे? अप्पा म्हणाले, "हो. आणि नापास करणारा माझा ड्रायव्हर आहे." हे सांगताना त्यांची मान, वर्तमानपत्रात नाव छापून आल्यासारखी, ताठ झाली होती.

शनिवारी सकाळी तांब्या निघाला. रमाबाईंनी तो काठोकाठ भरून, वर एक तुळशीचं पान ठेवून अप्पांच्या मांडीवर दिला. गाडी फाटकाबाहेर पडली.

रस्ता ओळखू येत नव्हता. नाक्यानाक्यावर कमानी, दिव्यांच्या माळा, झेंडे. रंगारी शिड्यांवर चढून पाट्या रंगवत होते. लवू असा चालला होता की ट्रॅमच्या रुळावरून जाताना पाण्यावरचं पान नुसतं कूस बदले. परळ गेलं. खोदादाद सर्कल गेलं. शिवाजी पार्कच्या कडेनं व्यायामाला आलेले म्हातारे थांबून पाहत होते. परत फिरले. पुन्हा परळ. लवू एका म्हशीसाठी थांबला, एका हातगाडीसाठी थांबला, आणि थांबला हे अप्पांना फक्त खिडकीतून कळलं. पाणी कळू देत नव्हतं. आता लालबागचा नाका, की घर आलंच. अप्पांनी मनातल्या मनात सोळावा रकाना भरूनही टाकला.

नाक्यावर चाळीची कमान उभी राहत होती. पोरं दोर ओढत होती. मधोमध धोंडूची तसबीर चढवलेली, ताज्या झेंडूचा हार, आणि हाराखाली, शांताकाकूंनी स्वतःच्या हातानं टोचलेला, तो पितळेचा बिल्ला. नुकतंच ऊन त्यावर पडलं होतं. शिडीखाली काकू उभ्या होत्या, पदर सावरून वर बघत. लवूनं गाडी मुंगीच्या पावलानं कमानीखालून घेतली.

आणि अप्पांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, जुळले, कपाळाला लागले.

तांब्या मांडीवर आडवा झाला. पाणी धोतरातून, चपलांतून, लॉरीच्या तळापर्यंत गेलं. तुळशीचं पान तेवढं अप्पांच्या गुडघ्यावर चिकटून राहिलं.

आवारात गाडी उभी राहिली. लवूनं ओल्या धोतराकडे पाहिलं, खाली उतरला, फळीवरची आपली पिशवी उचलली.

"सांडला," तो म्हणाला. "नियम तो नियम. मी जातंय."

अप्पांनी त्याचं मनगट धरलं आणि तसेच ठिबकत ऑफिसात घेऊन गेले. नवा चष्मा अजून यायचा होता, म्हणून त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि जयवंतला पुढं बोलावलं. पंधरा रकाने त्यांनी स्वतः तपासले. मग म्हणाले, सोळाव्यात लिही, मी सांगतो तसं, शब्द न बदलता.

जयवंतनं लिहिलं. 'पाणी सांडले काय?' 'होय.'

"पुढं लिही. कोणाकडून."

जयवंतनं वर पाहिलं.

"अप्पा चुरी," अप्पा म्हणाले. "नापास. ड्रायव्हर पास."

मग धोतराचं टोक पिळत त्यांनी लवूच्या हातावर किल्ली ठेवली. या वेळी त्यानं ती घेतली.